जोडीची जवारी

थंडी पडली की कोणीतरी हमखास तो विषय काढतं आणि मी चहा मागवतो. चहा येईपर्यंत बोलणं दुसरीकडे गेलेलं असतं. "आबा, बुवांची ती तंबोऱ्यांची जोडी तुम्हीच लावलीत ना?" या प्रश्नाला मी आजवर हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. चहा पाजला आहे. साताऱ्यातल्या गाण्याबजावण्यातल्या माणसांनी माझ्याकडे जेवढा चहा घेतला, तो काही मी उदार आहे म्हणून नव्हे.

यंदा मार्गशीर्ष लागला आणि एका संध्याकाळी वाऱ्यावर गुऱ्हाळाचा वास आला. उकळत्या रसाचा, चिपाडाच्या धुराचा, थोडा करपल्यासारखा. त्याच वेळी शेजारची गाणं शिकणारी मुलगी तंबोऱ्याचा विजेचा डबा लावून बसली होती. बटण दाबलं की तो वाजत राहतो. चुकत नाही, दमत नाही, त्याची तार तुटत नाही. मला त्या डब्याचा राग नाही. पण तो वास आणि तो आवाज एकदम आले आणि मिरजेतली ती थंडी समोर येऊन बसली. या वेळी मी चहा मागवला नाही. कागद घेतला.

दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. मी नुकता विशीत आलेला. आमचं गाव साताऱ्याच्या बाजूला, कृष्णेच्या काठी. वडील सुतार, गाडीची आणि मोटेची चाकं करायचे. माझा हात लाकडावर बरा चालतो हे बघून त्यांनी मला मिरजेला तंबोरे करणाऱ्या एका उस्तादांकडे ठेवलं. निघताना म्हणाले, "आमी जनमभर चाकं केली. तू बोलणारं लाकूड कर." वडील एकटेच होते, तरी 'आमी' म्हणाले. आमच्याकडे तसंच बोलतात. माणूस एकटा असला तरी 'आमी जेवलो' म्हणतो, 'आमी उद्या येतो' म्हणतो. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं या एवढ्याशा शब्दापाशी येऊन थांबणार आहे.

उस्तादांच्या कारखान्याला कारखाना म्हणायचं ते रीत म्हणून. एक लांब खोली, छताला टांगलेले वाळके भोपळे, कोपऱ्यात लाखेचा आणि सरसाचा वास. उस्तादांच्या बीबी, आम्हा पोरांच्या चाची, मागच्या दारानं ये-जा करायच्या आणि प्रत्येक खेपेला एखादा भोपळा डोक्याला लागला की भोपळ्यालाच शिव्या द्यायच्या. तिथं माझ्या बरोबरीचा एक कारागीर होता, दस्तगीर. शिराळ्याचा. वडील लहानपणीच गेलेले, आई गावी एकटी. माझ्या आधी एक हंगाम आलेला, त्यामुळे मला शिकवण्याचा आणि चिडवण्याचा हक्क त्याच्याकडे. तार चढवताना मी खुंटी पिळायला कचरलो की म्हणायचा, "आमच्या गावची पोरं नागपंचमीला जित्ता नाग हातात धरत्यात, आन तू तारंला भितुस व्हय रं?"

"नागाला बांधून ठेवायला खुंटी नसती," मी म्हणायचो.

"म्हणून तर त्यो तुटत न्हाई गड्या."

तार तुटायची भीती खरीच होती. चांगली तार बोटीनं बाहेरून यायची आणि लढाईमुळे ती बंद झालेली. उस्तादांनी जुन्या तारेचं एक वेटोळं तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं. ते संपलं की पुढे काय, हे कोणीच विचारत नव्हतं.

जवारी म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तंबोऱ्याच्या तारा भोपळ्यावरच्या एका छोट्या पाटावरून जातात, त्याला घोडी म्हणतात. घोडीची पाठ सपाट दिसते, पण तिला डोळ्याला न कळणारा उतार असतो. तार त्या उताराला टेकते न टेकते अशी थरथरली की एका सुरातून अनेक सूर फुटतात. तो जो झंकार उठतो, ती जवारी. कानस जरा जास्त फिरली की आवाज नाकात जातो, कमी फिरली की मुका राहतो. घोडी साधली की तारेखाली सुताचा धागा सरकवत नेमकी जागा शोधायची. भोपळा कापणारे पुष्कळ असतात, रंग देणारे असतात. जवारी लावणारा एखादाच. त्याची बैठक खिडकीजवळ, उजेडात.

ती बैठक उस्तादांची होती आणि उस्तादांना ऐकू येईनासं झालं होतं. ते तंबोऱ्याच्या दांडीला दात टेकवायचे आणि तार छेडायला सांगायचे. दातांतून हाडात, हाडातून डोक्यात. "कान बुढ्ढे झाले," म्हणायचे, "दात अजून जवान आहेत. दोनच राहिलेत, पण एक षड्ज आहे आणि एक पंचम." आणि हसायचे. दातांनी पारख होते, काम होत नाही. खिडकीजवळची बैठक आता दुसऱ्या कोणाला द्यावी लागणार होती. दस्तगीरला किंवा मला. ज्याला मिळेल तो कारागीर. उरेल त्यानं जन्मभर भोपळे कापायचे. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं आणि आम्ही ते एकमेकांशी उघड बोलायचो, हेही सांगायला हवं. दस्तगीर म्हणायचा, "मला मिळाली तर आईला शिराळ्यास्नं घेऊन येतो. तिला उजेडात बसलेला ल्योक बघू दे एकदा."

त्या थंडीत पुण्याकडच्या एका नामांकित बुवांनी तंबोऱ्यांची जोडी सांगितली. एक तंबोरा करणं निराळं आणि जोडी करणं निराळं. जोडीत दोन चांगले तंबोरे चालत नाहीत. दोन्ही मिळून एकच बोलावा लागतो. गवई मध्ये बसतो; डावीकडून एक, उजवीकडून दुसरा, आणि त्याला एकाच घरात बसल्यासारखं वाटलं पाहिजे. आमच्या उस्तादांची जोडीसाठी एक रीत होती. दोन कारागिरांनी पाठीला पाठ लावून बसायचं, प्रत्येकाच्या पुढ्यात एक तंबोरा. समोरासमोर बसलं की माणूस दुसऱ्याचे हात बघतो, म्हणायचे. पाठीला पाठ लागली की ऐकतो.

बरेच दिवस आम्ही पाठीला पाठ लावून नुसते वैतागत होतो. माझा तंबोरा नाकात बोलायचा, त्याचा बोलायचाच नाही. घोडी काढायची, घासायची, चढवायची, तार पिळायची, आणि पुन्हा तेच. दर वेळी तार पिळताना मी तोंड बाजूला वळवायचो. बुवा यायचा दिवस जवळ आला होता.

त्या दिवशी सकाळी भांडणच झालं.

"तुझ्या तंबोऱ्याला सर्दी झाली रं शिवा. ओव्याची धुरी दे."

"तुझा तर नव्या सुनंगत गप बसलाय."

"गप बसल्याली परवडली. तुझी बोलाय लागली तर बुवा उठून ठेसनावर जात्याल."

मग दोघंही गप्प झालो. रागानं गप्प झालो, एवढं पक्कं आठवतं. त्या गप्पपणाचं दुसरं काही केव्हा झालं, ते मात्र आठवत नाही. लहानपणी पौषात कृष्णेत उतरायचो तेव्हा पाणी आधी चावायचं, आणि मग कधीतरी लक्षात यायचं की गार लागायचं केव्हाच थांबलं आहे. कोणत्या क्षणी थांबलं, हे एकदाही पकडता आलं नाही. तसंच ते.

आधी भीती गेली. तार तीच होती, जुन्या वेटोळ्यातली, पण ती पिळताना मी तोंड वळवलं नाही. तिला कुठवर ताण सोसेल हे ती माझ्या बोटांना सांगत होती आणि बोटं ऐकत होती. मग बुवा मनातून गेले. उस्ताद गेले. खिडकीजवळची बैठक गेली. बाहेर रस्त्यावरून उसाच्या गाड्या चालल्या होत्या, बैलांचे घुंगरू वाजत होते, गाडीवान ओरडत होते. ते ऐकू येत होतं, पण ते सगळं आमच्याच कामातलं वाटत होतं. आणि सर्वांत शेवटी मी गेलो. कानस मी फिरवत नव्हतो. कानस फिरत होती आणि थांबायचं तिथं थांबत होती. घोडीच्या पाठीवरचा तो न दिसणारा उतार मला दिसत होता, गावाबाहेरच्या माळाचा उतार दिसावा तितका स्वच्छ. इथून पाणी कसं वाहील तेही सांगता आलं असतं.

आणि पाठीमागे दस्तगीर. त्याचा श्वास माझ्या पाठीला कळत होता. तो कानस उचलायचा, तेव्हा माझा हात आधीच थांबलेला असायचा. मी तार छेडायचो, तेव्हा त्याची तार तिला जाऊन मिळायची. एकमेकांना काही सांगितलं नाही, विचारलं नाही. तारा सैल करायच्या, घोडी काढायची, बाजूच्या गोणपाटावर ठेवायची, दुसऱ्या अंगानं हात यायचा आणि घोडी उचलायचा, घासायची, पुसायची, फुंकर मारायची, चढवायची. सकाळचं ऊन उंबऱ्यावर होतं. ते आत आलं असेल, भिंतीवर चढलं असेल, उतरलं असेल. आम्ही पाहिलं नाही.

एवढं सुख मी नंतर कधी पाहिलं नाही. लग्नात नाही, पहिला मुलगा झाला तेव्हाही नाही. हे वाक्य बायकोनं वाचलं असतं तर म्हणाली असती, "म्हणूनच लग्नात तुमचं लक्ष मांडवाच्या लाकडाकडं होतं." खरंच होतं.

मग गंधार आला.

तंबोऱ्याला गंधाराची तार नसते. पंचम असतो, षड्जाची जोड असते, खालचा खर्ज असतो. पण जवारी पूर्ण उघडली की त्या खर्जाच्या पोटातून गंधार आपोआप उठतो. कोणी छेडलेला नसतो, कोणाच्या बोटाचा नसतो. त्या दिवशी तो उठला, आणि माझ्या पुढ्यातून उठला नाही. दस्तगीरच्या पुढ्यातूनही नाही. आमच्या पाठी जिथं एकमेकींना टेकल्या होत्या तिथून कुठूनतरी तो वर आला आणि खोलीत उभा राहिला. छताचे भोपळे घुमायला लागले. मी हात थांबवले. दस्तगीरनंही त्याच क्षणी थांबवले. गंधार मात्र थांबला नाही. बराच वेळ तो तसाच होता, दिवा लावून कोणी निघून जावं तसा.

चाची खरोखरच दिवा घेऊन दारात उभ्या होत्या. "या अल्ला! पोरांनो, भाकरी तशीच? मांजर जेवून गेलं की रे तुमच्या वाटचं! दुपारपासून हाका मारते मी. एक बहिरा म्हातारा होता घरात, आता तीन झाले!"

तेव्हा कळलं की दिवस संपला आहे. तेव्हा भूक लागली, तहान लागली, मांडीला मुंग्या आल्या. दस्तगीर उठला तो लंगडतच, आणि कोपऱ्यातला एक रिकामा भोपळा डोक्यावर घेऊन लेझीम खेळल्यासारखा नाचायला लागला. मी दुसरा भोपळा घेतला. चाची तोंडाला पदर लावून हसत होत्या. उस्ताद आवाज ऐकून नव्हे, जमीन हादरली म्हणून बाहेर आले. काही न बोलता त्यांनी एका दांडीला दात टेकवले, मग दुसऱ्या दांडीला. मी तारा छेडत होतो. त्यांनी डोळे मिटले. "बुवांना येऊ देत," एवढंच म्हणाले, पण आत जाताना चाचींना म्हणाले ते आम्हाला ऐकू आलं, कारण बहिरी माणसं हळू बोलत नाहीत: "आज माझे कान परत आले."

ते गेल्यावर दस्तगीरनं तारा सैल करून घोड्या उलट्या करून पाहिल्या. कामाला बसताना आम्ही प्रत्येकानं आपापल्या घोडीच्या पोटाला खूण केली होती. माझी एक उभी चीर, त्याची फुली. माझ्या तंबोऱ्यावर फुली निघाली. त्याच्या तंबोऱ्यावर चीर.

"आयला, शिवा! कवा बदलल्या रं?"

"कुणास ठाव."

"म्हंजे ह्यातलं तुझं कंचं आन माझं कंचं?"

दोघांनी पुष्कळ डोकं चालवलं. घोड्या दिवसभरात किती वेळा इकडच्या तिकडं झाल्या असतील, कोणी कुठला उतार दिला असेल, काही सांगता येईना. जितकं सांगता येईना तितकं जास्त हसू येत होतं. शेवटी दस्तगीर म्हणाला, "ऱ्हाऊ दे तशाच. आपल्याला म्हायती नसलं तरी त्यास्नी म्हायती असंल." आणि तशाच ठेवून आम्ही जेवायला बसलो. मांजरानं सोडलेलं जेवलो. गुळाचा ताजा खडा होता, तो लय गोड लागला.

हे इथवरचंही मी कोणाला सांगितलेलं नाही. विचारणाऱ्यांना चहा पाजला आहे, एवढंच.

बुवा आले ते सकाळी. गोरे, उंच, गळ्याला मफलर. बोलणं शुद्ध आणि सावकाश. "आम्ही चहा घेत नाही, आम्हाला विडा चालेल," असं म्हणाले, म्हणून उस्तादांनी दस्तगीरला पानवाल्याकडे पिटाळलं. तो गेला आणि मी जोडी पुढे ठेवली. बुवांनी एक तंबोरा माझ्याकडे दिला, दुसरा त्यांच्या शिष्याकडे, आणि स्वतः मध्ये बसले. आम्ही छेडायला लागलो. बुवांनी गायला तोंड उघडलं आणि उघडंच ठेवलं. सूर लावलाच नाही. मान एका बाजूला कलली, मग दुसऱ्या. आपल्यामागे कोणी येऊन उभं राहिलं आहे का हे बघावं तसे ते वळून बघायला लागले. तो गंधार होता. मग त्यांनी षड्ज लावला. तो कुठून सुरू झाला आणि तंबोरे कुठे संपले, काही कळलं नाही. रस्त्यावरचा एक गाडीवान बैल थांबवून खिडकीशी उभा राहिला होता. त्या सकाळी मी जिंकलो होतो. आम्ही जिंकलो होतो.

बुवा थांबले, डोळे पुसले आणि म्हणाले, "आम्ही आयुष्यात अशी जोडी ऐकलेली नाही. जवारी कोणी लावली?"

मी म्हणालो, "आमी लावली, बुवा."

शपथेवर सांगतो, तोंडातून निघाला तेव्हा त्या शब्दात दोघं होते. पाठीला पाठ लावलेले. पण बुवा स्वतःला 'आम्ही' म्हणणारे. त्यांनी मलाही तसंच ऐकलं. "शाबास! नाव काय तुमचं?" मी म्हणालो, "शिवराम." बुवा उस्तादांच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाले, "उस्ताद, या शिवरामला जपा. तुमचे कान त्याच्या हातात आलेत!"

दोघं बसलो होतो हे उस्तादांना ठाऊक होतं, पण जमवणारा कोण ते आता बुवांच्या तोंडून आलं होतं. उस्तादांचा हात माझ्या डोक्यावर आला. "खिडकीजवळची बैठक आजपासून तुझी, बेटा."

बोलायला वेळ होता. 'दोघांनी लावली' एवढेच दोन शब्द. मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो की बुवांसारख्या माणसाचं बोलणं कसं तोडायचं, उस्तादांना एवढ्या मोठ्यानं कसं सांगायचं. ते खोटं आहे. डोक्यावरचा तो हात मला आवडला होता, आणि तो एकट्याच्या डोक्यावर होता. खरं कारण एवढंच.

मान वर केली तर दारात दस्तगीर. हातात पानात गुंडाळलेले विडे. त्यानं उस्तादांचा हात पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि वाट बघितली. मग पुढे येऊन बुवांना विडा दिला.

संध्याकाळी हौदावर हात धुताना त्यानं विचारलं, "काय म्हणलास रं बुवास्नी?"

"आमी लावली म्हणलो."

"आमी म्हंजे कोण?"

मी हात धूत राहिलो. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

तो हसला. रागावला असता तर बरं झालं असतं. "लय मोठा शब्द हाय रं त्यो," म्हणाला. "दोघं बी मावत्यात, आन एकटा बी."

दस्तगीर होळीपर्यंत भोपळे कापत राहिला. माझ्याशी बोलायचा, चिडवायचाही, पण तार चढवताना मी घाबरलो तरी नागाचं नाव काढायचा नाही. मग एक दिवस उस्तादांचे पाय धरून आला आणि मला म्हणाला, "वाईला मामाकडं जातो. मामा पिंजारी हाय, कापूस पिंजतो. त्याच्या धनुकलीला बी तारंगत तात असती, ती बी छेडायचीच असती. आमचं काय अडत न्हाई." या वेळचा त्याचा 'आमी' एकट्याचा होता.

मी खिडकीजवळ बसलो. चांगलं काम केलं, हे सांगायला मला संकोच नाही. ती पाण्यात उतरल्यासारखी अवस्था पुढेही पुष्कळदा आली. बोलावून यायची नाही. कधी सकाळी सकाळी यायची, कधी महिनाभर तोंड दाखवायची नाही. आली की भूक, वेळ, नाव सगळं घेऊन जायची आणि हातात एक बोलणारा तंबोरा ठेवून जायची. त्या वेळी मनात पाप नसायचं, कारण मनच नसायचं. पण ती ओसरली की मी सवयीनं घोडी उलटी करून बघायचो. पोटाला नेहमी एकच उभी चीर. फुली पुन्हा कधी निघाली नाही.

ती जोडी मी एकदा रेडिओवर ऐकली. बुवांचं गाणं होतं. त्यांनी सूर लावण्याआधी मागे तंबोरे सुरू झाले आणि मी ओळखलं. आपल्या गुरांच्या गळ्यातली घंटा माणूस अंधारातही ओळखतो, तसं. मी ताठ उभा राहिलो. बायको विचारत होती, काय झालं, काय झालं, आणि मला सांगता येत नव्हतं की तो गंधार आहे, तो अजून उभा आहे, आणि तो माझा नाही.

लढाई संपली, स्वराज्य आलं, आणि अशाच एका थंडीत मी वाईच्या गाडीत बसलो. काय बोलायचं ते गाडीत घोकत होतो. नदीच्या घाटाजवळ उतरलो. पिंजाऱ्याचं दुकान विचारावं लागलं नाही. गल्लीच्या तोंडाशीच आवाज आला. पिंजाऱ्याच्या धनुकलीचा आवाज सगळ्यांनी ऐकलेला असतो, तंग्, तंग्, कोरडा. हा तसा नव्हता. याला गोलाई होती. प्रत्येक ठोक्याच्या मागे एक बारीक झंकार लांबत जात होता. दारातून पाहिलं. छताला टांगलेली धनुकली, तातीच्या टोकाशी लाकडाला लावलेली चामड्याची पट्टी. ती पट्टी केसाकेसानं सरकवून त्यानं जागा शोधलेली होती. धनुकलीला जवारी लावली होती पठ्ठ्यानं!

नाकातोंडाला फडकं, भुवयांवर, केसांवर कापूस. हातातला लाकडी मुठा तातीवर पडत होता आणि कापसाचे ढग उठत होते, उन्हात तरंगत होते, बसत होते. चाहूल लागली असावी. मान वर न करता म्हणाला, "बसा मालक. आमी आत्ता मोकळं हुतो."

मी पायरीवर बसलो आणि त्याच्याकडे बघत राहिलो. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मिरजेतल्या त्या दिवशी आम्ही पाठमोरे होतो. त्या दिवसाचा त्याचा चेहरा मी पाहिलेलाच नव्हता. माझा तर मला दिसणारच नव्हता. आता तो समोर होता, फडक्याच्या वर नुसते डोळे. त्या डोळ्यांत दुकान नव्हतं, गिऱ्हाईक नव्हतं, मामा नव्हता, मी नव्हतो, दस्तगीरही नव्हता. मी त्याची बैठक घेतली होती, उजेड घेतला होता, आईला दाखवायचं ते सुख घेतलं होतं. पण हे मला नेता आलं नव्हतं. ते खिडकीजवळ नव्हतंच कधी. ते त्याच्याबरोबर वाईला आलं होतं आणि कापसात राजासारखं बसलं होतं.

हाक मारली असती तर ते मोडलं असतं. एकदा त्याचं मोडलं होतं, पुन्हा नको, असं वाटलं. मी भान राखलं की भ्यालो, हे मला आजही ठरवता येत नाही. दोन्ही असेल. एक बाई गादीचा कापूस घेऊन आली, तिला वाट द्यायला मी उठलो आणि चालायला लागलो. गल्ली संपेपर्यंत तो झंकार पाठीला लागत होता, पूर्वी श्वास लागायचा तिथंच.

पुन्हा गेलो तेव्हा दस्तगीर नव्हता. मामाचा नातू दुकानात होता. दम्यानं गेला म्हणाला, कापसानं होतो. धनुकली छताला टांगलेली होती. मी सहज बोट लावलं. ती अजून बोलत होती.

शेजारच्या मुलीचा डबा आता बंद झाला आहे. गुऱ्हाळाचा धूर खाली बसला आहे. उद्या कोणी विचारलं तर चहा मागवणार नाही, सांगणार आहे: जवारी दस्तगीरनं लावली आणि मी लावली, कोणाची कंची ते विचारू नका. पण ज्याला सांगायला वाईला गेलो होतो, त्याला सांगायचं राहिलं ते राहिलंच. गाडीत घोकलेलं ते वाक्य अजून तोंडपाठ आहे. मोठं नाही. दस्तगीर, जवारी आपुन लावली रं, आपुन दोघांनी. आन चुकलो त्यो मी.